शंभर टक्के हेट, तेरा करडी पिल्लं

पाचापैकी तीन तारे. पार्सल आलं त्या संध्याकाळी लिहिलं असतं तर पाच दिले असते. सापाची पिल्लं विकणाऱ्यांबद्दल बहुतेक जण त्याच संध्याकाळी लिहितात, आणि मॉर्फवाल्या, म्हणजे पैदाशीत मुद्दाम जपलेल्या वेगळ्या रंगाच्या, सापांच्या बाबतीत त्या अभिप्रायाचा काही म्हणजे काही उपयोग नसतो. मी तीन वर्षं थांबले.

मागवले होते टेक्सास रॅट स्नेक. रॅट स्नेक म्हटल्यावर धामण डोळ्यांपुढे आणू नका. हा उत्तर अमेरिकेतला पँथेरोफिस ऑब्सोलेटस, पाळायला शांत अशा कॉर्न स्नेकचा जवळचा नातलग, पण स्वभावाने त्याच्या अगदी उलट. पेन्सिलीएवढं पिल्लू असतं तेव्हापासून शेपटी थरथरवतं, तोंड वासून झेपावतं, आणि उचललंत तर हातावर अशी घाण सोडतं की दोनदा साबण लावूनही वास जात नाही. मला ते आवडतात. माझा धाकटा भाऊ म्हणतो, ताईला भांडकुदळ जनावरंच लागतात.

तीन पिल्लं घेतली. एक ल्युसिस्टिक नर: अंगावर एक ठिपका नाही, पांढराशुभ्र, डोळे मात्र निळसर काळे. ज्यांना अल्बिनोच हवा असतो त्यांनी इथे डोळे बघावेत, अल्बिनोचे तांबूस असतात. बाकी दोन माद्या, करड्या रंगावर गडद चट्टे असलेल्या, एकीला झाकावं नि दुसरीला काढावं अशा. फरक होता तो डब्यावरच्या चिठ्ठीत. एकीवर '१००% हेट', दुसरीवर '६६% हेट'. पहिलीची किंमत दुसरीच्या जवळजवळ दुप्पट.

ही दुप्पट किंमत कशाची? पांढरेपणाचं जनुक अप्रभावी आहे, म्हणजे आईकडून एक आणि बापाकडून एक अशा दोन प्रती मिळाल्या तरच पिल्लू पांढरं होतं. एकच प्रत असेल तर साप दिसतो साधा आणि जनुक पोटात बाळगतो. त्याला हेट म्हणायचं. आईबापांपैकी एक जण पांढरा असेल तर त्याचं प्रत्येक साधं पिल्लू नक्की हेट, शंका नाही. पण आईबाप दोघंही हेट असतील तर चारांत एक पिल्लू पांढरं निघतं, आणि उरलेल्या तीन साध्यांपैकी दोघांत जनुक असतं, एकात नसतं. कोणत्या एकात, ते बघून ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. म्हणून ६६ टक्के. तेव्हा जास्तीचे पैसे सापाचे नव्हतेच, विक्रेत्याच्या वहीचे होते. बॉल पायथन, म्हणजे छोटे अजगर, पाळणाऱ्यांचं बरं आहे, त्यांच्याकडे बऱ्याच मॉर्फसाठी टाकलेल्या कातीवरून डीएनए तपासून घेता येतो. मला वहीवर विसंबावं लागलं.

सेवेबद्दल आधी चांगलं लिहिते, कारण ते खरंच चांगलं होतं. थर्माकोलची पेटी, आत कापडी पिशव्या, प्रत्येक पिशवीला वेगळी गाठ. प्रत्येक पिल्लाबरोबर कागद: अंड्यातून कधी निघालं, पहिली कात कधी टाकली, कधी काय खाल्लं. तिघांनीही गोठवून वितळवलेली उंदराची पिल्लं सहा-सहा वेळा खाल्ली होती, आणि माझ्याकडे आल्यावर आठवड्याभरात पुन्हा खायला लागले. नर-मादी तिन्ही बरोबर निघाले, हे मुद्दाम लिहिते; एवढ्याशा पिल्लांत यातही चुका करणारे आहेत. पहिल्या वर्षी मी शंभर शंका विचारल्या असतील, सगळ्यांना उत्तर आलं.

तिसऱ्या हिवाळ्यात तिघांना विश्रांतीला ठेवलं. आधी दोन-तीन आठवडे उपाशी, म्हणजे पोटात काही सडायला नको, मग दहा आठवडे १२ अंशांच्या आसपास, अंधारात, फक्त पाणी. वसंतात बाहेर काढलं, खाऊ घातलं, कात टाकल्यावर नराला एकेकीकडे सोडलं. '१००%' मादीने चौदा अंडी घातली, '६६%'वालीने नऊ. पहिल्या घोळक्यातलं एक पिवळं पडून आक्रसलं, ते फुकटच होतं. बाकी सगळी ओलसर वर्मिक्युलाइटमध्ये (ओल धरून ठेवणारे खनिजाचे हलके दाणे), २८ अंशांवर. अंडी एकमेकांना चिकटलेली असतात, ती सोडवायचा उद्योग मी केला नाही, आणि ज्या बाजूने घातली तीच वर ठेवली.

चौसष्टाव्या दिवशी पहिली चीर पडली. करडं नाक. मग दुसरं, तेही करडं. दोन दिवसांत तेराही बाहेर आली आणि तेराही करडी. पांढरा नर आणि हेट मादी असेल तर प्रत्येक पिल्लू म्हणजे नाणेफेक आहे. भाऊ पेटीत वाकून म्हणाला, "ताई, तेरा वेळा नाणं उडवलं नि तेराही वेळा छापाच?" हिशेब मांडला: ८१९२ मध्ये एकदा. आणि दुसऱ्या पेटीत, जिच्यावर मी आशाही ठेवली नव्हती त्या '६६%'वालीच्या नऊ पिल्लांत चार पांढरी, गुलाबी नाकाची, काळ्याभोर डोळ्यांची.

इथून पुढे एक तारा गेला. विक्रेत्याचं पहिलं उत्तर आलं, "तापमान कमीजास्त झालं असेल." तापमान बिघडलं तर पिल्लांचा कणा वाकडा होतो, चट्ट्यांची नक्षीही विस्कटते; पण त्याने जनुकाची प्रत नाहीशी होत नाही. दुसरं उत्तर, "आधीच्या नराचं वीर्य साठलेलं असेल." मादी साप ते महिनोन्‌महिने साठवतात हे खरं, पण ही मादी माझ्याकडे आली तेव्हा बोटाएवढी जाड होती आणि आयुष्यात तिने दुसरा नर पाहिलेला नाही. तिसऱ्या वेळी मी दोन्ही पेट्यांचे फोटो आणि हिशेब पाठवला. दोन दिवस शांतता. मग मात्र सरळ कबुली आली: त्या हंगामात दोन जोड्यांची पिल्लं एकाच दिवशी डब्यांत भरली होती, चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली असणार. म्हणजे माझी '६६%'वालीच खरी शंभर टक्के होती, आणि महागडी होती ती तीनांतली रिकामी निघालेली. ही कबुली पहिल्याच उत्तरात आली असती तर तारा कापला नसता.

दुसरा तारा डोळ्यांचा. चार पांढऱ्यांपैकी एकाचे डोळे बाहेर आलेले, बेडकासारखे. ल्युसिस्टिक टेक्सास रॅट स्नेकमध्ये हा दोष दिसतो हे जुन्या पाळणाऱ्यांना ठाऊक असतं, आणि म्हणूनच विकत घेताना मी सरळ विचारलं होतं: तुमच्या घराण्यात आहे का? उत्तर होतं, "आमच्याकडे तसं काही नाही." आता विचारल्यावर कळलं की नराच्या एका भावाचे डोळे तसेच होते. तो विकला नव्हता म्हणून सांगायची गरज वाटली नाही म्हणे! ते पिल्लू चांगलं खातंय, माझ्याकडेच राहील, पण त्याची जोडी लावणार नाही. त्याच्या बापाचीही आता लावणार नाही.

गंमत म्हणजे त्या तेरा करड्यांचा बाप पांढरा, त्यामुळे तेराही खरीखुरी शंभर टक्के हेट आहेत. पण डोळ्यांचा प्रकार कळल्यावर ती जनुकाच्या नावाने विकायचं मन होईना. जी गेली ती साधा टेक्सास म्हणून गेली, घेणाऱ्याला बापाची सगळी हकीकत सांगून.

किमतीतला फरक त्यांनी न कुरकुरता परत केला. बदली मादीही देऊ केली. मी नको म्हटलं आणि त्याऐवजी त्यांच्या वहीतल्या त्या दिवसाच्या पानाचा फोटो मागितला. तो आला. त्यावर दोन्ही जोड्यांची मिळून एकवीस पिल्लं आहेत. माझी दोन वजा केली तर एकोणीस इतरांकडे गेलेली. त्या सगळ्यांना कळवलंत का, असं विचारून आज तीन आठवडे झाले, या एका प्रश्नाला मात्र उत्तर नाही. तेव्हा ज्यांनी यांच्याकडून तीन वर्षांपूर्वीच्या हंगामात करडं हेट टेक्सास घेतलं असेल, त्यांनी डब्यावरची चिठ्ठी खरी मानून पुढे पिल्लं विकू नयेत. आधी पांढऱ्याशी एकदा जोडी लावून बघा, मात्र त्या पांढऱ्याच्या भावंडांचे डोळे कसे होते तेही विचारून घ्या.