सही करण्याआधी थप्पी हलवून बघा

किराणा दुकानात चोरी म्हटली की डोळ्यांपुढे गिऱ्हाईक येतं, नाहीतर दुकानातला पोरगा. मला लुटलं ते माल पोचवणाऱ्या माणसाने, आणि तेही माझीच सही घेऊन.

तो एका वितरकाच्या गाडीवर होता. बोलायला गोड, घरच्यांची चौकशी करणारा. गाडी मात्र नेमकी संध्याकाळच्या गर्दीत लावायचा. गल्ल्यापुढे रांग, त्यात हा खोकी रचून, मोठ्याने मोजून दाखवायचा आणि बिल पुढे करायचा. थप्पी बाहेरून भरलेली, मधे पोकळ. कधी मागच्या खेपेची शिल्लक खोकी नव्या मालाला टेकवून ठेवायचा, म्हणजे मोजणी बरोबर यायची.

योजनेच्या मालात तर त्याचं फारच फावलं. दहा खोक्यांवर एक मोफत असेल तर ते बिलावर वेगळ्या ओळीत, रक्कम शून्य लिहून येतं. दुकानदार रकमा तपासतो, शून्याकडे कोण बघतो? ते खोकं गाडीतून उतरायचंच नाही. मुदत संपलेला माल तो तत्परतेने परत न्यायचा. पावती मागितली की ‘पुढच्या बिलात वजा होईल, शेठ’.

उलगडा झाला तो साठा मोजताना. तूट एकाच कंपनीच्या मालात, आणि तीही पूर्ण खोक्यांची. भुरटा चोर लहान आणि महाग वस्तू खिशात घालतो. अख्खं खोकं काखेत मारून कोणी गल्ल्यासमोरून जात नाही. पण अशा वेळी संशय आधी नोकरावर जातो, आणि या लबाडीची खरी तटबंदी तीच आहे. बिलावर मालकाची सही असते, म्हणजे माल दुकानात आला हे कागदावर सिद्ध झालेलं असतं. पुढे कमी पडला तर तो आतल्याच कोणीतरी नेला, असाच हिशेब दिसतो.

वितरकाकडे गेलो. त्याने सह्या असलेल्या प्रती समोर ठेवल्या आणि हात वर केले. माणूस दुसऱ्या भागातल्या गाडीवर गेला, एवढंच झालं. म्हणून हे लिहितोय. आता तो दुसऱ्या कुणाच्या तरी दुकानात खोकी मोजत असेल. आपल्या धंद्यात सगळा खर्च जाऊन शेकडा दोन सुटले, तर शंभराची तूट भरायला पाच हजारांची विक्री लागते.

आता माझ्याकडे माल सकाळीच उतरतो. आधीचा साठा बाजूला, नवीन थप्पी सुटी करून मोजायची, चिकटपट्टी उघडलेली दिसली तर आतले नगही. कमी असेल तर तसं बिलाच्या दोन्ही प्रतींवर लिहून गाडीवाल्याची सही आधी, माझी नंतर. परत जाणाऱ्या मालाची पावती बॅच नंबरासकट तिथल्या तिथे. नवा गाडीवाला कुरकुर करतो, पुढे खूप दुकानं आहेत म्हणतो. म्हटलं, घाई असेल तर माल गाडीतच राहू दे, उद्या आण.

जुन्या परत मालाचे पैसे वितरकाकडून अजून आलेले नाहीत. पावतीच नाही, त्यामुळे कोणत्या कागदावर मागू?