आधी इंग्रजी, की आधी आपली भाषा?

प्रकल्प-अहवालाचा पेपर यंदा ज्यांच्या गळ्यात पडलाय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. मी नंदुरबार जिल्ह्यातल्या एका कॉलेजात शिकवतो. घरी अहिराणी, पावरी, मावची, गुजरी किंवा उर्दू बोलणारी मुलं माझ्या वर्गात एकाच बाकावर बसतात. बहुतेकांची शाळा मराठीतून झालेली, इंग्रजी त्याच्याही नंतरची. अशा वर्गाला इंग्रजीत मुद्देसूद लिहायला शिकवायच्या दोन्ही रीती मी तीन-तीन वर्षं वापरून पाहिल्या.

पहिली रीत सगळ्यांच्या ओळखीची. पहिल्या तासापासून इंग्रजी, हाताशी तयार वाक्यांचा साचा, आणि मुलांनी लिहून आणलेल्या कागदावर आपली लाल शाई. तिला नावं ठेवायची माझी इच्छा नाही. रसायनशास्त्राच्या प्रयोगाचा अहवाल असेल तर हीच रीत बरी, कारण तिथे कृती, निरीक्षण, निष्कर्ष यांची जागा ठरलेली असते आणि साच्यानं हाताला लवकर वळण लागतं. शिवाय साठ वह्या एका रविवारात तपासून होतात, हे काही कमी नाही.

दुसऱ्या रीतीत पहिला खर्डा ज्याला जमेल त्या भाषेत, मिसळ झाली तरी चालेल. मग तोच मजकूर सगळ्यांना कळेल अशा मराठीत, आणि शेवटी इंग्रजीत. वेळ जवळजवळ दुप्पट लागतो. मला पावरी येत नाही, उर्दू लिपी वाचता येत नाही, त्यामुळे तो पहिला खर्डा मुलांनीच एकमेकांना वाचून दाखवायचा आणि माझ्यापर्यंत मराठीत आणायचा. इंग्रजी माध्यमातून आलेली चार-पाच मुलं या काळात कंटाळतात, त्यांना वेगळं काम द्यावं लागतं.

कागदावर पाहिलं तर पहिलीच रीत सोयीची. माझं मन फिरलं ते एका वाक्यामुळे.

धडगावकडच्या एका मुलानं मोहफुलांवर प्रकल्प घेतला होता. त्याचं वाक्य होतं, ‘मोहा इज इकॉनॉमिकल फॉर ट्रायबल पीपल.’ मी ‘इकॉनॉमिकल’ खोडून ‘इकॉनॉमिकली इम्पॉर्टंट’ केलं. त्यानं ते सुवाच्य अक्षरात उतरवून आणलं. तोंडी परीक्षेच्या आधी सहज विचारलं, ‘आर्थिकदृष्ट्या महत्त्वाचं म्हणजे नेमकं कसं रे?’ तो गप्प. मग म्हटलं, मराठीत सांग. तो म्हणाला, ‘सर, मला महत्त्वाचं नव्हतं म्हणायचं. व्यापारी आमच्याकडून फार स्वस्तात घेतो, ते लिहायचं होतं.’

म्हणजे मी वाक्य सुधारलं आणि अर्थ उलटा केला. त्यानं तो निमूट स्वीकारला, कारण लाल शाई सरांची होती. त्या रात्री जुने गठ्ठे काढून बसलो. मी दुरुस्त केलेली कितीतरी वाक्यं अशी होती की त्यातला अर्थ मुलाचा की माझा, हे मला सांगता येईना. हीच गोष्ट मला आजही सलते. व्याकरणाच्या चुका राहिल्या तर पुढच्या वर्षी जातात, पण आपलं म्हणणं बाजूला ठेवून सरांचं उतरवायची सवय एकदा लागली की ती एम. ए.पर्यंत सोबत करते.

त्याला पुन्हा मराठीत लिहायला बसवलं. दीड पान लिहिलं त्यानं. पहाटे उठून वेचणं, अंगणात वाळवणं, मग वळवाच्या भीतीनं मिळेल त्या भावाला घालणं. दुसऱ्या पानावर एक ओळ होती: ‘भाव आम्ही ठरवू शकत नाही, कारण साठवायला कोरडी जागा नाही.’ अख्ख्या प्रकल्पाचा मुद्दा त्या एका ओळीत होता. इंग्रजीच्या साच्यात ती ओळ आली असती, असं मला वाटत नाही.

चुकीमागे लिहिणाऱ्याचा स्वतःचा तर्क असतो, हे इंग्रजी लेखन शिकवणाऱ्या मिना शॉनेसी यांनी न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीत दाखवून दिलं होतं. १९७० साली त्या विद्यापीठानं शहरातल्या शाळा पूर्ण केलेल्या सगळ्यांना दार उघडलं, आणि नव्यानं आलेल्या मुलांचे सुमारे ४,००० निबंध त्यांनी वाचले. आपल्याकडचा एक तर्क सांगतो. मराठीत आपण आधी म्हणणं मांडतो आणि शेवटी ‘असं अमुक म्हणतात’ जोडतो. इंग्रजीत आणताना मुलांचं ते शेपूट गळून पडतं, आणि दुसऱ्याचं मत त्यांचंच होऊन बसतं. प्रबंधांसाठीच्या यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८च्या नियमांतली, दुसऱ्यांच्या मजकुराशी १० टक्के साम्याची मर्यादा मुलांना पाठ असते, पण ही गळती त्यांना दिसत नाही. मराठी खर्डा शेजारी ठेवला की लगेच दिसते. ‘म्हणतात’ला गोल करायचा आणि इंग्रजीत ते कुठे गेलं, हे शोधायला लावायचं.

मोबाइलवरच्या भाषांतराचं काय, असं विचाराल. मुलं ते वापरतातच. दुसऱ्या रीतीत निदान भाषांतर कशाचं झालं, तो कागद माझ्या हातात असतो.

तुमच्याकडे एकच सत्र असेल, विषय प्रयोगशाळेचा असेल किंवा मुलं इंग्रजीत बऱ्यापैकी रुळलेली असतील, तर साच्यानं सुरुवात करायला माझी हरकत नाही. माझा अनुभवही एका कॉलेजापुरता आहे. पण मुलांनी गावात फिरून, माणसांशी बोलून माहिती आणायची असेल, तर जादा लागणारे तीन-चार आठवडे कुठून तरी काढाच, असं मी म्हणेन. अख्खा अहवाल दोनदा लिहून घेणं जमत नसेल, तर प्रस्तावना आणि निष्कर्ष एवढे दोनच भाग आधी मराठीत घ्या. आणि तो खर्डा फेकू देऊ नका. इंग्रजी प्रतीच्या मागे टाचून ठेवायला सांगा. तपासताना पेन उचलायच्या आधी पान उलटून तो वाचता येतो.