क्लोज्ड टिश्यू प्रोसेसर, वापरानंतरचा अनुभव: मशीन थांबलं की टिश्यू कशात पडून राहतो ते आधी बघा

आमच्या प्रीक्लिनिकल हिस्टोपॅथॉलॉजी लॅबमध्ये (औषध दिलेल्या प्राण्यांचे अवयव सूक्ष्मदर्शकाखाली तपासणारी लॅब) ३०० कॅसेटचा क्लोज्ड प्रोसेसर येऊन बरेच महिने झाले. कॅसेट नावाच्या छोट्या डब्यांत ठेवलेले टिश्यूचे तुकडे अल्कोहोल, झायलीन आणि मेण यांतून नेऊन स्लाइडसाठी तयार करणारं हे यंत्र. स्पेसिफिकेशन सगळ्यांना पाठ असतात: एक रिटॉर्ट (टिश्यू ठेवायचा बंद कक्ष), दहा रिएजंटच्या बाटल्या, तीन मेणाच्या टाक्या, व्हॅक्यूम-प्रेशर, टचस्क्रीन. म्हणून ते सोडून थेट मुद्द्यावर येऊ. हे मशीन चालू नसताना, म्हणजे वाट बघताना किंवा अडकल्यावर, टिश्यू कशात ठेवतं? विकत घेताना हे कोणी विचारत नाही आणि विकणारेही आपणहून सांगत नाहीत. औषधांच्या सेफ्टी स्टडीचं काम करणाऱ्यांसाठी मात्र याहून महत्त्वाचा प्रश्न नाही.

कंपनीने भरून दिलेला ओव्हरनाइट प्रोटोकॉल ७० टक्के अल्कोहोलपासून सुरू होतो. टिश्यू बाहेरच फॉर्मॅलिनमध्ये नीट फिक्स होऊन (सडू नये म्हणून पक्का होऊन) येणार, हे त्यामागचं गृहीत. इथपर्यंत ठीक. पण डिले स्टार्ट (रन उशिरा, ठरलेल्या वेळी सुरू करायची सोय) लावला की मशीन पहिल्या स्टेशनचा, म्हणजे टप्प्याचा, रिएजंट रिटॉर्टमध्ये भरून घेतं आणि वेळ होईपर्यंत टिश्यू त्यातच ठेवतं. शुक्रवारी संध्याकाळी भरलेली बास्केट रविवारी रात्रीपर्यंत ७० टक्क्यांत. झायलीनच्या आधी कुठेही एरर आला की 'सेफ रिएजंट' म्हणून पुन्हा तेच ७० टक्के. आमच्याकडे शुक्रवारचा रन व्हॉल्व्ह अडकून थांबला आणि मशीनने नेमकं हेच केलं. बास्केटमध्ये उंदरांचे मेंदू होते.

लिव्हर, किडनी, हार्ट यांचं अशाने फारसं बिघडत नाही. मेंदू आणि मज्जारज्जू ७०-८० टक्के अल्कोहोलमध्ये वीकेंडभर राहिले की व्हाइट मॅटरमध्ये (मेंदूच्या पांढऱ्या भागात) व्हॅक्युओल, म्हणजे रिकाम्या पोकळ्या, तयार होतात. कॉर्पस कॅलोसम, सेरेबेलमचा आतला पांढरा भाग, ब्रेनस्टेमचे ट्रॅक्ट, अशा ठिकाणी मायलिन (मज्जातंतूंवरचं आवरण) फाटल्यासारखी भोकं दिसतात. फिक्सेशन कमी पडलं असेल तर आणखी जास्त.

भोकंच ना, असं म्हणून हे सोडता येत नाही. काही औषधं आणि रसायनं प्राण्यांच्या मेंदूत खरोखर असंच करतात. ट्रायएथिल टिन आणि हेक्झाक्लोरोफीन ही नेहमीची उदाहरणं. त्याहून बोलकं उदाहरण व्हिगाबॅट्रिनचं. उंदीर आणि कुत्र्यांच्या मेंदूत मायलिनच्या आत सूज आणि व्हॅक्युओल दिसले म्हणून १९८३ मध्ये अमेरिकेत या अपस्माराच्या औषधाच्या चाचण्या थांबवल्या गेल्या. तिथे मंजुरी मिळायला २००९ उजाडलं. तिथला बदल खरा होता. पण स्लाइडवरच्या अशा भोकांवरून एखाद्या औषधाची वाट किती वर्षं अडू शकते, हे त्यावरून कळतं. प्रोसेसरच्या एका सेटिंगने तसंच चित्र उभं राहत असेल तर ती किरकोळ गैरसोय नाही.

पॅथॉलॉजिस्टला यातून मार्ग काढता येतो, पण सामग्री हवी. आर्टिफॅक्टच्या, म्हणजे प्रोसेसिंगमुळे झालेल्या खोट्या, व्हॅक्युओलभोवती ग्लिया (मेंदूतल्या आधारपेशी) वाढलेली नसते, मॅक्रोफेज (सफाई करणाऱ्या पेशी) आलेले नसतात, अ‍ॅक्झॉन (मज्जापेशींचे धागे) सुजलेले नसतात. कधी कधी आत फिकट निळसर-करडा, पीएएस पॉझिटिव्ह (पीएएस नावाच्या रंगाने रंगणारा) पदार्थ दिसतो. अडचण अशी की खऱ्या इंट्रामायलिनिक एडिमामध्येही (मायलिनच्या आतल्या सुजेतही) सुरुवातीला ग्लियाची प्रतिक्रिया नसू शकते. म्हणजे एकट्या स्लाइडवरून खात्री देता येत नाही. खात्री देतो तो कंट्रोल ग्रुप, म्हणजे औषध न दिलेले प्राणी. कंट्रोलमध्येही तेवढेच व्हॅक्युओल असतील आणि ते डोसप्रमाणे न बदलता रनप्रमाणे बदलत असतील, तर दोष प्रोसेसिंगचा.

आणि इथेच बहुतेक लॅब घसरतात. ओईसीडी ४०८ या चाचणीच्या मार्गदर्शक नियमाप्रमाणे ९० दिवसांच्या स्टडीत प्रत्येक ग्रुपला किमान १० नर आणि १० माद्या, एक कंट्रोल आणि तीन डोस धरले तर ८० प्राणी. कंट्रोल आणि हाय डोस सगळे बघायचे असतात. नेक्रॉप्सी (प्राण्यांचं शवविच्छेदन) ग्रुपवार झाली की ट्रिमिंग (अवयवांचे काप घेणं) ग्रुपवार होतं, मग प्रोसेसिंगही ग्रुपवार. कंट्रोलचा रन सुरळीत गेला आणि हाय डोसचा रन अडकला, तर आर्टिफॅक्ट फक्त हाय डोसमध्ये दिसणार आणि ते औषधाच्या माथी बसणार. म्हणून मेंदूच्या कॅसेट कंट्रोल आणि हाय डोस आलटून-पालटून एकाच बास्केटमध्ये लावा. यंत्र कितीही महागडं असो, हे करायलाच हवं. शिवाय ट्रिमिंगनंतर उरलेला ओला मेंदू फॉर्मॅलिनमध्ये जपून ठेवा. तो असेल तर पुन्हा काप घेऊन दुसऱ्या रनमध्ये प्रोसेस करता येतात आणि प्रश्न कायमचा मिटतो.

आता उपाय. दहा स्टेशनची फॅक्टरी मांडणी अल्कोहोल ७०, ८०, ९५, ९५, १००, १००, १००, झायलीन तीनदा अशी होती. ती मोडून आता अशी आहे: बफर्ड फॉर्मॅलिन दोन, मग अल्कोहोल ६०, ८०, ९५, १०० टक्के तीनदा, झायलीन दोन. डिले पहिल्या फॉर्मॅलिनमध्ये. दुसरं फॉर्मॅलिन आणि ६० टक्के प्रत्येकी ३० मिनिटं, पुढची सगळी स्टेशनं ४५ मिनिटं, मेण ६० अंशांवर तीनदा ४५ मिनिटं. एकूण साडेआठ तास. उंदराचे टिश्यू यात छान होतात, फक्त मेंदूचे काप ३ मिमीच्या वर नकोत. कुत्रा किंवा मिनिपिगच्या टिश्यूला हा वेळ अपुरा आहे, त्याचा रन वेगळाच लावा. त्यांच्या जास्त वेळेच्या रनमध्ये दोन्ही एकत्र लावले तर उंदराचा लिव्हर आणि स्प्लीन करकरीत होतात आणि मायक्रोटोमवर सेक्शनला चिरा पडतात. या मांडणीत एक ९५ आणि एक झायलीन गमावलं, त्यामुळे झायलीन पूर्वीपेक्षा लवकर बदलावं लागतं. खर्च वाढतो, पण तो मान्य आहे.

सेफ रिएजंट मात्र सरसकट फॉर्मॅलिन ठेवू नका. ९५ किंवा १०० टक्क्यांतून टिश्यू थेट फॉर्मॅलिनमध्ये आला की त्यातल्या बफरचे फॉस्फेटचे क्षार बाहेर पडतात. ६० टक्क्यांपर्यंत एरर आला तर फॉर्मॅलिन, त्यापुढे आहे तिथेच थांबून अलार्म, अशी विभागणी करून घेतली आहे. ती करायला सर्व्हिसचा पासवर्ड लागतो. वापरणाऱ्याच्या हातात हे सेटिंग नाही, ही माझी सगळ्यात मोठी तक्रार.

व्हॉल्व्ह अडकला तोही याच क्षारांनी. बफर्ड फॉर्मॅलिनच्या एका लिटरमध्ये सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट ४ ग्रॅम आणि डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट ६.५ ग्रॅम असतं. टिश्यू, कॅसेट आणि विशेषतः फोम पॅड हे फॉर्मॅलिन भिजवून सोबत आणतात. ते थेट ७० टक्क्यांत उतरलं की क्षार विरघळलेले राहत नाहीत, आणि रोटरी व्हॉल्व्हच्या डिस्कवर पांढरा थर धरतो. ६० टक्क्यांचं स्टेशन मध्ये घातलं ते यासाठीच. फोम पॅड फक्त बारीक टिश्यूला वापरा, आणि कॅसेट मशीनमध्ये लावण्यापूर्वी नळाच्या पाण्यात विसळून नीट निथळून घ्या. शिवाय आठवड्यातून एकदा क्लीनिंग सायकल पूर्ण झाल्यावर फॉर्मॅलिनच्या लाइनमधून कोमट पाणी फिरवा. रिटॉर्ट पूर्ण कोरडा झाल्याशिवाय पुढचा रन लावू नका, नाहीतर तेच पाणी रिएजंटच्या बाटलीत जाणार.

सर्व्हिसचा अनुभव वाईट. इंजिनिअरने न उघडताच अख्खी व्हॉल्व्ह असेंब्ली बदलायला सांगितली. डिस्क काढून बघायचा आग्रह धरला तेव्हा थर दिसला आणि तो कोमट पाण्याने निघाला. तरीही हा बिघाड 'रिएजंटमुळे' म्हणून एएमसीत (वार्षिक देखभाल करारात) बसवला नाही, व्हिजिटचे पैसे घेतले. ७० टक्क्यांपासून सुरू होणारा प्रोटोकॉल त्यांचाच होता. मॅन्युअलमध्ये फॉस्फेटबद्दल एक ओळही नाही.

एका बाबतीत मात्र मत बदललं. सुरुवातीला या मशीनचा ऑडिट ट्रेल कटकट वाटायचा: प्रत्येक बदलाला लॉगिन, कारण लिहा, पुन्हा पासवर्ड. त्या अडकलेल्या रनचा लॉग काढला तेव्हा कोणत्या स्टेशनवर किती वाजता थांबलं, किती तापमान होतं, ७० टक्क्यांत नेमके किती तास गेले, सगळं मिनिटामिनिटाने मिळालं. डेव्हिएशन (ठरल्यापेक्षा वेगळं घडल्याची नोंद) लिहिताना आणि स्टडी डायरेक्टरला परिणाम समजावून सांगताना तोच कागद उपयोगी पडला. क्यूएचा (गुणवत्ता तपासणाऱ्यांचा) पुढचा प्रश्न आला नाही. जीएलपीचं (गुड लॅबोरेटरी प्रॅक्टिसच्या नियमांचं) काम असेल तर ही सोय नसलेलं स्वस्त मॉडेल घेऊच नका.

रिएजंट बदलायची सूचना कॅसेटच्या मोजणीवर येते, अल्कोहोल किती पातळ झालं यावर नाही. पावसाळ्यात हायड्रोमीटर (द्रवाची घनता मोजायचं साधन) वापरा. २० अंशांना शुद्ध इथेनॉलची घनता ०.७८९ ग्रॅम प्रति मिलिलिटर; तापमान एका अंशाने वाढलं की साधारण ०.०००८५ ने उतरते, ते धरूनच वाचा. एक्साइजच्या परवान्याच्या भानगडीमुळे आयसोप्रोपिल वापरत असाल तर इथेनॉलचा हायड्रोमीटर चालणार नाही.

मेडिकल डिव्हाइसची कामं करणाऱ्यांसाठी: धातूचा स्टेंट या मशीनमध्ये टाकायचाच नाही, तो मेणाऐवजी रेझिनमध्ये बसवतात. पॉलिमरच्या इम्प्लांटचं आधी बघून घ्या. पॉलिकॅप्रोलॅक्टोन ६० अंशांच्या आसपास वितळतं, म्हणजे नेमकं मेणाच्या टाकीत, आणि सेक्शनमध्ये रिकामी पोकळी उरते. आयएसओ १०९९३-६ (इम्प्लांटभोवतीच्या परिणामांच्या तपासणीचं मानक) प्रमाणे किती मटेरियल शिल्लक आहे हे नोंदवायचं असताना ती पोकळी प्राण्याच्या शरीरात झाली की झायलीन आणि मेणाने केली, हे कोणालाच सांगता येणार नाही. न वापरलेल्या इम्प्लांटचा तुकडा कॅसेटमध्ये घालून एक रिकामा रन चालवा, अर्ध्या दिवसात उत्तर मिळतं.

व्हॅक्यूमबद्दल तक्रार नाही. फुप्फुस आणि चरबीचे ब्लॉक जुन्या कॅरोसेल मशीनपेक्षा (बास्केट एका भांड्यातून दुसऱ्यात फिरवणाऱ्या) खूपच चांगले येतात, मऊ मध्यभाग राहत नाही.

घ्यायचं असेल तर डेमोला त्यांचे स्लाइड बघण्यात वेळ घालवू नका. डिले स्टार्ट लावायला सांगा आणि रिटॉर्टमध्ये काय भरलं ते बघा. मग ९५ टक्क्यांच्या स्टेपवर प्लग काढा, दहा मिनिटांनी लावा; पुन्हा काढा, दोन तासांनी लावा. दोन्ही वेळा मशीनने टिश्यू कुठे नेला ते लिहून घ्या आणि त्यावर विक्रेत्याची सही घ्या. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाणाऱ्या भागात लॅब असेल तर ऑनलाइन यूपीएसची किंमत त्याच कोटेशनमध्ये धरा, आणि व्हॉल्व्हची डिस्क पुढून उघडता येते का हे पॅनेल काढून बघूनच ऑर्डर द्या.