स्टिअरिंगला रॅम असिस्ट की फुल हायड्रो? आणि होस कसे जोडायचे?

जीप चेरोकी एक्सजे घेतली, उचलली, ३५ इंची टायर चढवले, पुढच्या डिफरन्शियलला लॉकर (दोन्ही चाकं एकत्र फिरवणारी यंत्रणा) बसवला, की पुढचा प्रश्न ठरलेलाच. पुढचं चाक दोन दगडांच्या बेचक्यात अडकतं आणि स्टिअरिंग जागचं हलत नाही. अशा वेळी बॉनेट उघडून कुणाला तरी स्टिअरिंग फिरवायला सांगा. चाक जिथल्या तिथे राहतं, पण स्टिअरिंग बॉक्सचे बोल्ट ज्या पत्र्यात बसलेत तो पत्राच आत-बाहेर होताना दिसेल. एक्सजेला वेगळी चासी नसते, त्यामुळे तिथे तडा जाणं हे तिचं जुनं दुखणं आहे.

यावर रस्ते दोन. पहिला रॅम असिस्ट: जुना सॅगिनॉ बॉक्स, ड्रॅग लिंक (बॉक्सकडून चाकाकडे जाणारा दांडा), टाय रॉड (दोन्ही चाकांना जोडणारा दांडा) सगळं आहे तसंच ठेवायचं आणि एक्सल व टाय रॉडच्या मध्ये हायड्रॉलिक सिलिंडर म्हणजे रॅम बसवायचा. त्याला ऑइल बॉक्समधूनच मिळतं. दुसरा फुल हायड्रो: बॉक्स आणि ड्रॅग लिंक काढूनच टाकायचे, स्टिअरिंगच्या दांड्याला ऑर्बिटल व्हॉल्व्ह (स्टिअरिंग फिरेल त्या बाजूला ऑइल सोडणारा) जोडायचा आणि चाकं फक्त ऑइलच्या दाबावर वळवायची.

ताकदीत फुल हायड्रोला तोड नाही. कॅलिफोर्नियातल्या जॉन्सन व्हॅलीत २००७पासून ‘किंग ऑफ द हॅमर्स’ ही दगडांतली शर्यत भरते, तिथल्या मोठ्या रॉक रेसरना तेच लागतं. पण त्यात स्टिअरिंग आणि चाक यांच्यामध्ये लोखंडाचा एकही दुवा उरत नाही. पॉवर स्टिअरिंग पंपाचा बेल्ट तुटला किंवा होस (ऑइलची नळी) फुटला की हायवेवर हातात जवळजवळ काहीच राहत नाही. वळण संपल्यावर स्टिअरिंग आपोआप सरळही होत नाही. गाडी ट्रेलरवरून नेत असाल तर खुशाल करा. तीच गाडी चालवत ट्रेलपर्यंत जाणार असाल, घरची माणसं तीत बसणार असतील, तर माझं उत्तर स्पष्ट आहे: रॅम असिस्ट. त्यात होस फुटला तर स्टिअरिंग जड होतं, पण चाक वळतं. (भारतात रस्त्यावरच्या गाडीत असला कोणताही बदल करण्याआधी मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा.)

असिस्ट ठरलं की पुढचा निर्णय बॉक्सचा. बॉक्सच्या आत पिस्टन असतो. त्याच्या एका बाजूला दाब आला की गाडी डावीकडे वळते, दुसऱ्या बाजूला आला की उजवीकडे. या दोन्ही बाजूंना एकेक भोक पाडून तिथून रॅमला दोन होस न्यायचे, एवढंच काम. भोकं स्वतः पाडता येतात, नाहीतर पोर्ट केलेला तयार बॉक्स मिळतो. मी पहिल्यांदा स्वतः पाडली. बॉक्स पूर्ण न खोलता ड्रिलला ग्रीस लावलं. चुरा ग्रीसला चिकटून बाहेर येईल असं वाटलं होतं. बराचसा आलाही. उरलेला चार ट्रिपांनंतर पंपाच्या आवाजातून कळला. स्टिअरिंग ऑइलच्या टाकीत बोट घातलं तर ऑइल चंदेरी झालेलं. पंप गेला, बॉक्सचा व्हॉल्व्ह ओरखडला. म्हणून सांगतो, स्वतः करायचं तर बॉक्स सुटा सुटा करा, भोकं पाडा, आटे पाडा, सगळं धुऊन हवा मारा आणि नवे सील घालून जोडा. एवढा वेळ नसेल तर तयार बॉक्सच स्वस्त पडतो.

रॅम घेताना बहुतेक जण मोठ्याकडे वळतात. इथे थोडं गणित करा. दीड इंची बोअर (आतला व्यास) आणि आठ इंची स्ट्रोकच्या (दांडा जितका सरकतो ते अंतर) रॅमला पूर्ण बाहेर यायला सुमारे २३० सीसी ऑइल लागतं, दोन इंचीला ४१०. बॉक्सला लागतं ते वेगळंच. दगडांत इंजिन आयडलवर असतं, म्हणजे पंपही कमीच ऑइल देत असतो. मोठा रॅम लावून स्टिअरिंग भराभर फिरवलंत की ऑइल पुरत नाही आणि स्टिअरिंग मधेच दगडासारखं होतं. १,२०० पीएसआय दाबावर दीड इंची रॅमसुद्धा साडेनऊशे किलोच्या आसपास ढकलतो. ३५ इंची टायरला तो पुरतो. वाचलेले पैसे चांगल्या पंपात घाला. स्ट्रोक मात्र मोजून घ्या: टाय रॉड लॉक टू लॉक, म्हणजे वळणाच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत, जितका सरकतो त्यापेक्षा थोडा जास्त. नकलचा (चाक ज्यावर वळतं त्या भागाचा) स्टॉप आधी लागला पाहिजे, रॅमचा शेवट नंतर.

आता होस आणि फिटिंग. बॉक्सच्या भोकाला निमुळते एनपीटी आटे पाडणं सोपं, म्हणून अनेक जण तेच करतात. पण ते पाचरीसारखे घट्ट होत जातात आणि बॉक्स बिडाचा असतो. एक वळसा जास्त दिला की चीर पडलीच. शिवाय टेफ्लॉन टेपचे तुकडे व्हॉल्व्हमध्ये जातात. सरळ आट्यांचं, ओ-रिंगवर बसणारं फिटिंगच घ्या. होसच्या टोकांना जेआयसी, म्हणजे ३७ अंशांचं फिटिंग. हार्डवेअरच्या दुकानात दिसायला तसंच ४५ अंशांचं मिळतं, पण ते यावर नीट बसत नाही, झिरपत राहतं. माप ६ नंबर, म्हणजे ३/८ इंच. ४ नंबरचा होस वळवायला सोपा, पण त्यातून ऑइल जायची वाट निम्म्याहून कमी. होसवर ३,००० पीएसआय छापलेलं बघा. कूलर फक्त बॉक्सकडून टाकीकडे परतणाऱ्या लाइनमध्ये, रॅमच्या लाइनमध्ये कधीच नाही.

जोडून झाल्यावर आत अडकलेली हवा काढायला पुढची दोन्ही चाकं जॅकवर उचला आणि इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग सावकाश वीसेक वेळा लॉक टू लॉक फिरवा. टाकीतला फेस थांबला की मगच इंजिन सुरू करा आणि स्टिअरिंग एका बोटाने जरासं डावीकडे न्या. दोन होसची अदलाबदल झाली असेल तर रॅम बॉक्सच्या विरुद्ध ढकलतो: स्टिअरिंग अडून बसतं, नाहीतर हिसका देऊन उलटं पळतं. अंगठा आऱ्यांच्या आत ठेवू नका. तसं झालंच तर इंजिन बंद करा, रॅमकडची दोन टोकं आपसात बदला आणि पुन्हा एअर काढा. मग एक्सल पूर्ण खाली लोंबू द्या, दोन्ही लॉकला नेऊन बघा आणि होस कुठे ताणला जातो, टायरला कुठे घासतो, ते हात फिरवून तपासा.