‘मुलाला नाशिकला बोलवून घ्या’ असं एजंट म्हणाला तर थांबा

निफाड तालुक्यातल्या एका बागायतदार कुटुंबाचा मुलगा अमेरिकेत व्हिजिटर व्हिसावर गेला आणि मुदत संपूनही वर्षाहून जास्त तिथेच राहिला. नाशिकच्या एका एजंटने घरच्यांना सांगितलं, ‘तिकडची मुलगी आहे, कागदोपत्री लग्न करू, ग्रीन कार्डची (तिथे कायम राहण्याच्या परवान्याची) जबाबदारी माझी.’ पैसे हप्त्याने, रोख, पावती नाही. पुढे कळलं की मुलगी अमेरिकन नागरिक नाहीच, तिच्याकडे फक्त ग्रीन कार्ड आहे. मग एजंटने नवी वाट काढली: ‘मुलाला इकडे बोलवा, लग्न इथे लावू, जोडीदाराच्या व्हिसावर परत जाईल.’ मुलगा आला आणि अडकला. एजंटचा फोन बंद.

यात दोन ठिकाणी घात झाला. व्हिसा घेऊन, विमानतळावर रीतसर तपासणी होऊन जो आत गेला, त्याने अमेरिकन नागरिकाशी खरं लग्न केलं, तर मुदत उलटलेली असली तरी बहुतेक वेळा तिथेच राहून अर्ज करता येतो. जोडीदार आय-१३० (नात्याचा अर्ज) भरतो, सोबत आय-४८५ (ग्रीन कार्डचा अर्ज) जातो. ग्रीन कार्डधारकाच्या जोडीदाराला मात्र मुदत उलटल्यावर ही सवलत साधारणपणे मिळत नाही. समोरचा माणूस नागरिक होईपर्यंत थांबावं लागतं. म्हणून ‘सिटीझन आहे’ या तोंडी शब्दावर जाऊ नका, अमेरिकन पासपोर्ट किंवा नागरिकत्वाचं प्रमाणपत्र बघा.

दुसरा घात जास्त भयंकर आहे, कारण तो सहजासहजी उलटवता येत नाही. १८० दिवसांहून जास्त बेकायदा राहून देश सोडला तर ३ वर्षं, एक वर्ष किंवा जास्त राहून सोडला तर १० वर्षं प्रवेशबंदी. ही बंदी देश सोडल्यावर लागू होते. म्हणजे ज्या दिवशी आईवडिलांना मुलगा भेटला, त्याच दिवशी त्याची परतीची वाट बंद झाली होती. माफीचा अर्ज असतो, पण अमेरिकन नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असलेल्या जोडीदाराचे किंवा आईवडिलांचे अतोनात हाल होतील हे सिद्ध करावं लागतं. आय-४८५ प्रलंबित असतानाही परवानगीशिवाय बाहेर पडलं तर अर्ज सोडून दिल्यासारखा धरतात. दिवस मोजताना पासपोर्टवरच्या व्हिसाची तारीख बघू नका; मुक्कामाची मुदत आय-९४ या प्रवेशाच्या नोंदीवर असते.

आणि कागदोपत्री लग्न? पैसे देऊन केलेलं लग्न हा तिथे गुन्हा आहे: ५ वर्षांपर्यंत कैद, अडीच लाख डॉलरपर्यंत दंड. त्याहून वाईट म्हणजे असा प्रयत्न जरी नोंदला गेला, तरी पुढे खऱ्या जोडीदाराने केलेला अर्जही कायमचा नाकारला जातो. एजंट फोटो काढून देतात, भाडेकरार बनवून देतात. पण मुलाखतीत नवराबायकोला वेगवेगळं बसवून प्रश्न विचारले जाऊ शकतात. लग्नाला दोन वर्षं झालेली नसतील तर कार्डही दोनच वर्षांचं मिळतं, आणि ते संपण्याआधीच्या ९० दिवसांत आय-७५१ भरून संसार खरा असल्याचं पुन्हा दाखवावं लागतं. इथवर एजंट सोबत राहत नाही.

खर्चाचंही बघा. १ एप्रिल २०२४ पासूनच्या दरपत्रकात कागदी आय-१३० साठी ६७५ आणि आय-४८५ साठी १,४४० डॉलर आहेत. वैद्यकीय तपासणी आणि वकील वेगळे. ‘सरकारी फी’ म्हणून नाशिकमध्ये कोणी याहून कितीतरी जास्त रोख मागत असेल तर तो खोटं बोलतोय. अर्ज खरंच गेला असेल तर तीन अक्षरं आणि दहा आकडे असलेला पावती क्रमांक येतो. तो अमेरिकन इमिग्रेशन खात्याच्या वेबसाइटवर स्वतः टाकून बघा. सल्ला देण्याचा अधिकार तिथल्या परवानाधारक वकिलाला किंवा मान्यताप्राप्त प्रतिनिधीलाच आहे. वकिलाचं नाव त्याला परवाना देणाऱ्या राज्याच्या बार असोसिएशनच्या यादीत शोधता येतं.

पैसे गेले असतील तर व्हॉट्सॲप चॅट, कॉल रेकॉर्डिंग, बँकेचं स्टेटमेंट पुसू नका. ऑनलाइन पाठवले असतील तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, उशीर जितका कमी तितकं खातं गोठवणं शक्य होतं. अशा फसवणुकीला भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८(४) खाली ७ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. शहरातली तक्रार पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत, निफाड, सिन्नर, दिंडोरीकडची नाशिक ग्रामीण पोलिसांकडे. तक्रार देण्याआधी मात्र मुलाने तिकडच्या वकिलाशी बोलून घ्यावं, कारण पैसे देऊन लग्न ठरवलं होतं असं लेखी दिलं की तोच कागद त्याच्याविरुद्ध वापरला जाऊ शकतो.