थायमसच्या प्रोजेक्टला अंडं घेऊ की उंदीर?

शिवाजी विद्यापीठात झूलॉजीच्या शेवटच्या वर्षाला थायमस (टी-पेशी नावाच्या रोगप्रतिकारक पेशी जिथे घडतात तो अवयव) आणि स्टेम सेल (ज्यांच्यापासून इतर पेशी तयार होतात त्या मूळ पेशी) यांवर प्रोजेक्ट करायचं म्हणणारा एखादा ज्युनिअर भेटतोच. सिनॉप्सिसमध्ये, म्हणजे प्रोजेक्टच्या आराखड्यात, 'पुनर्निर्मिती' हा शब्द ठरलेला. शब्द झ्याक आहे, पण आधी प्राणी ठरव. तो ठरला की प्रश्न आपोआप आखडतो.

थायमसमध्ये दोन घराणी एकत्र नांदतात. सांगाडा धरणाऱ्या एपिथेलियल पेशी गर्भाच्या घशाजवळच्या कप्प्यांतून तिथेच तयार होतात, टी-पेशींची बीजं मात्र रक्तातून येतात. निकोल ल दुआरँ आणि फ्रान्सीन जोतेरो या फ्रेंच संशोधकांनी 1975 साली लावा पक्ष्याचं ऊतक कोंबडीच्या गर्भात बसवून हे अंड्यातच दाखवलं: लाव्याच्या पेशीच्या केंद्रकात ठळक ठिपका असतो, कोंबडीच्या नसतो, म्हणून पाहुणा कोण नि घरचा कोण ते सूक्ष्मदर्शकाखाली कळतं.

तर अंडं. 21 दिवसांत पिल्लू, कवचाला खिडकी पाडली की गर्भ समोर. बीजपेशींची पहिली लाट साधारण साडेसहाव्या दिवशी थायमसमध्ये शिरते, पुढच्या बाराव्या-अठराव्याच्या आसपास. सहा, आठ, बारा दिवसांचे काप घेतलेस तरी गोष्ट दिसते. अंडी हॅचरीतूनच आण, किराणा दुकानातल्या अंड्यांतून काही निघत नाही. आणि इनक्युबेटरला इन्व्हर्टर लाव, नाहीतर वीज गेली की महिनाभराची मेहनत गेली. (कोंबडीचा थायमस मानेच्या दोन्ही बाजूंना मण्यांसारखा असतो. कोवळ्या ब्रॉयलरची अख्खी मान चिकनवाल्याकडून मागून बघ.)

उंदीर घेतलास तर डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड देऊन थायमस आक्रसतो आणि काही आठवड्यांत पुन्हा भरतो. खरी पुनर्निर्मिती इथे मिळते. एडिनबरोच्या गटाने 2014 मध्ये म्हाताऱ्या उंदरांत फॉक्सएन1 जनुकाचं काम वाढवून थायमस परत वाढवला. हेच जनुक बिघडलं की उंदीर बिनकेसांचा आणि बिनथायमसचा जन्मतो. पण थायमस भरला म्हणजे स्टेम सेलनेच भरला असं होत नाही. उरलेल्या साध्या पेशीही वाढलेल्या असू शकतात. ते सिद्ध करायला पेशींची वंशावळ टिपणारे खास उंदीर लागतात, वर अँटिबॉडीचा खर्च आणि प्राणी नीतिसमितीची परवानगी.

सहा महिन्यांसाठी मी डोळे झाकून अंडं सांगेन. सिनॉप्सिसमधला 'पुनर्निर्मिती' हा शब्द मात्र खोडावा लागेल, कारण अंड्यात थायमस पहिल्यांदा घडताना दिसतो, पुन्हा भरताना नाही. पुढे पीएच.डी. करणार असशील तर उंदरांचा अर्ज आत्ताच टाकून ठेव.