मार्जिन म्हणजे इसार नव्हे: एमटीएफ वापरून अकरा महिने झाल्यावर

मी नाशिकच्या अंबड एमआयडीसीत टूलरूमला आहे. जानेवारी २०२५ च्या मध्यात माझ्या ब्रोकरच्या अ‍ॅपवर मार्जिन ट्रेडिंग फॅसिलिटी, म्हणजे एमटीएफ, सुरू केली: थोडे पैसे आपले, उरलेले ब्रोकरकडून व्याजाने घेऊन शेअर घ्यायची सोय. आता डिसेंबर संपत आलाय. ब्रोकरचं नाव लिहीत नाही, कारण जे शिकलो ते अ‍ॅपबद्दल कमी आणि मार्जिन या शब्दाबद्दल जास्त आहे.

सुरुवातीला माझी समजूत अशी होती. पाथर्डी फाट्याकडे प्लॉट घेताना आपण इसार देतो. दोन लाखांच्या मालाला पन्नास हजार इसार दिला आणि पुढे मन बदललं, तर फार तर इसार बुडतो. विषय संपला. अ‍ॅपवरही तसंच दिसत होतं: दोन लाखांचे शेअर, माझे पन्नास हजार, उरलेले दीड लाख ब्रोकरचे. वर ठळक अक्षरात ‘४ पट’. व्याजाचा दर पाहायला मात्र आणखी दोन पानं उघडावी लागतात. ही माझी पहिली तक्रार.

तो दर होता दिवसाला ०.०४ टक्के. ऐकायला काहीच वाटत नाही. दीड लाखावर रोजचे ६० रुपये, महिन्याचे १,८००. शनिवार-रविवारी बाजार बंद असतो, व्याज चालूच असतं. वर्षाचे होतात २१,९००. म्हणजे दोन लाखांचे शेअर वर्षात जवळपास ११ टक्के वाढले, तरी माझ्या हातात शून्य. पहिल्या दिवशी हे गणित मी केलं असतं, तर कदाचित पुढे गेलोच नसतो.

फेब्रुवारीत बाजार घसरत राहिला. माझे शेअर १० टक्के पडून १,८०,००० वर आले. कर्ज दीड लाखच, त्यामुळे माझा हिस्सा उरला ३०,०००. माझ्या ब्रोकरचा नियम असा की चालू किमतीच्या २५ टक्के हिस्सा कायम आपला हवा. १,८०,००० चे २५ टक्के ४५,०००, म्हणून १५,००० भरा असा मेसेज आला. भरले. शेअर १० टक्के पडला होता, पण मी घातलेल्या पन्नास हजारांतले चाळीस टक्के गेले होते. लिव्हरेज, म्हणजे कर्जाच्या जोरावर मोठा सौदा, काय असतं ते मला त्या दिवशी समजलं.

मग एप्रिल आला. अमेरिकेने २ तारखेला आयातशुल्कं जाहीर केली आणि जगभरचे बाजार कोसळले. सोमवार, ७ एप्रिल २०२५. निफ्टी त्या दिवशी ७४२.८५ अंकांनी पडून २२,१६१.६० वर बंद झाला, पण सकाळी त्याहून बराच खाली उघडला होता. मी पहिल्या शिफ्टला होतो, फोन लॉकरमध्ये. चहाच्या सुट्टीत पाहिलं तर मार्जिन कमी पडलं म्हणून ब्रोकरने माझे शेअर १,५८,००० वर विकून टाकले होते. १,३५,००० कर्ज फिटलं आणि २३,००० माझ्या खात्यात आले. एकूण घातले होते ६५,०००. शेअर २१ टक्के पडला, माझे ६५ टक्के गेले. व्याजाचे साधारण ४,७०० वेगळे.

ब्रोकरची यात चूक नव्हती. करारात सगळं लिहिलेलं होतं आणि सही माझीच होती. पण आणखी एक गोष्ट आजही सलते. १५ एप्रिलला निफ्टी जवळजवळ २ एप्रिलच्या पातळीवर परत आला. मधल्या सुट्ट्या सोडल्या तर ७ एप्रिलनंतर चार दिवसांत. ज्याच्याकडे स्वतःच्या पैशाने घेतलेले शेअर होते, त्याला फक्त गप्प बसायचं होतं. कर्जावर घेणाऱ्याला गप्प बसायचीही मुभा नसते.

हे मी दिंडोरीच्या मामांना सांगितलं. मामांची द्राक्षबाग आहे, शेअर बाजाराशी काही संबंध नाही. ते म्हणाले, “अरे, तू इसार नव्हता दिला, तू उचल घेतली होती. सोसायटीचं कर्ज काय गारपीट झाली म्हणून माफ होतं का? बाग गेली तरी फेडावंच लागतं.” अकरा महिन्यांत मला कोणी इतकं नेमकं समजावलं नव्हतं. मार्जिन म्हणजे सौद्याची किंमत नाही आणि नुकसानीची मर्यादाही नाही. उद्या होऊ शकणाऱ्या तोट्यासाठी ठेवून घेतलेलं ते तारण आहे. तोटा तारणापेक्षा मोठा झाला तर उरलेलं आपणच द्यायचं.

हे किती टोकाला जाऊ शकतं, ते २० एप्रिल २०२० ला दिसलं. अमेरिकेत कच्च्या तेलाचा भाव शून्याच्या खाली गेला. लॉकडाउनमुळे आपल्याकडचा वायदे बाजार, एमसीएक्स, संध्याकाळी पाचलाच बंद होत होता, त्यामुळे ज्यांनी तेलाचे वायदे (पुढच्या तारखेचे करार) घेऊन ठेवले होते त्यांना रात्री बाहेर पडायला वावच मिळाला नाही. एप्रिलचा करार उणे २,८८४ रुपये प्रति बॅरलने मिटवला गेला. एक लॉट १०० बॅरलचा. म्हणजे भाव शून्य झाल्यानंतरही लॉटमागे २,८८,४०० रुपये अजून द्यायचे. इसार समजून बसलेल्या माणसाला हे झेपणारच नाही.

इंट्राडेत, म्हणजे त्याच दिवशी घेऊन विकण्याच्या सौद्यांत, पूर्वी काही ब्रोकर तीस-चाळीस पटही देत. बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने पीक मार्जिनचे (दिवसभरात सौदे सर्वात मोठे असतील तेव्हाही पुरेसं मार्जिन हवं, असे) नियम टप्प्याटप्प्याने आणले, १ सप्टेंबर २०२१ पासून ते पूर्ण लागू झाले, आणि आता शेअरमध्ये जास्तीत जास्त पाच पट मिळते. मला हा बंधनाचा नियम आवडतो. आमच्या गेटवरचा एक मुलगा एका परदेशी अ‍ॅपवर एकास पाचशे मिळतात म्हणून मागे लागला होता. एकास पाचशे म्हणजे भाव ०.२ टक्के उलटा गेला की भरलेले पैसे साफ. रिझर्व्ह बँक अशा परवानगी नसलेल्या फॉरेक्स (परकीय चलनाच्या) प्लॅटफॉर्मची यादी प्रसिद्ध करते. ती मी त्याला दाखवली. तो थांबला, याचं मला आजही बरं वाटतं.

जूनपासून मी एमटीएफ पुन्हा वापरतोय, पण वेगळ्या तऱ्हेने. ८०,००० चे शेअर, त्यात माझे ६०,००० आणि कर्ज २०,०००. व्याज दिवसाला ८ रुपये. एप्रिलसारखा २१ टक्क्यांचा तडाखा पुन्हा बसला तर शेअर ६३,२०० चे होतील आणि माझे २८ टक्के जातील. दुखेल, पण कोणी विकायला लावणार नाही. पगाराच्या आधी चार दिवस चांगला भाव दिसला, तर ही सोय खरोखर उपयोगी पडते. एवढ्यासाठीच मी ती ठेवली आहे.

प्लेजची, म्हणजे घेतलेले शेअर तारण ठेवण्याची, पद्धत नीट आहे. शेअर आपल्याच डीमॅटमध्ये राहतात, डिपॉझिटरीकडून (डीमॅट सांभाळणाऱ्या संस्थेकडून) लिंक येते आणि ओटीपी टाकून तारण मंजूर करायचं. एकदा दुसऱ्या शिफ्टमध्ये ते राहून गेलं आणि दुसऱ्या दिवशी शेअर विकले गेले. आता खरेदी केली की फोनवर अलार्म लावतो.

पाचपैकी तीन तारे देईन. दोन कापले ते एका आकड्यासाठी. मार्जिन कमी पडायला लागतं ती नेमकी पातळी अ‍ॅप कुठेच दाखवत नाही. २५ टक्क्यांच्या नियमात ती काढणं सोपं आहे: कर्जाला ०.७५ ने भागायचं. माझ्या २०,००० च्या कर्जाला उत्तर येतं २६,६६७, म्हणजे ८०,००० वरून खूप खाली. जानेवारीतल्या दीड लाखाला उत्तर येतं बरोबर २,००,०००. मी घेतलेली किंमतच. शेअर एक रुपया घसरला की त्या क्षणापासून मी कमी पडत होतो. अ‍ॅपकडे कर्जाचा आकडा आहे, टक्केवारी आहे, तरी हे दाखवत नाहीत. मी दोनदा लिहून कळवलंय. ते दाखवेपर्यंत दर खरेदीला हा भागाकार वहीत करतो आणि मगच ओटीपी टाकतो.